बाबांना गॅलरी दिसत नाही

"आजोबा, काल रात्री झोपेचं खोबरं झालं. उठलात, नळाशी गेलात, मग फ्रिज उघडून उगाच उभे राहिलात. खोटं सांगतोय?"

आजोबांचे हात आपोआप जोडले गेले. ज्येष्ठांच्या वसाहतीचं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. गुबगुबीत खुर्चीत सर्वदर्शी बाबा डोळे मिटून बसले होते. मिटल्या डोळ्यांनीच सगळं दिसत असल्यामुळे ते उघडायची तसदी बाबा देणगीपेटी पुढे आली तरच घेत.

मागच्या रांगेत या वसाहतीची आर्किटेक्ट बसली होती. एकट्या म्हाताऱ्या माणसाला भोवळ आली तर कुणालातरी कळावं, म्हणून तिने प्रत्येक घरात गादीखाली, नळाला, फ्रिजला, औषधाच्या डबीला सेन्सर बसवले होते. पहिलं घर तिने स्वतःच्या आईला दिलं होतं.

ती आई परवा गेली. "डबी उघडतेस आणि मन कचरतं तुझं," बाबांनी तिला भरसभेत सांगितलं होतं. "देहच सांगतोय, विष नको म्हणून. सोड त्या गोळ्या." आईने हृदयाच्या गोळ्या सोडल्या. लेक रडली, भांडली. "अगं, ज्याला माझं रात्रीचं उठणं-बसणं कळतं, त्याला माझं काळीज नाही कळणार?" आई म्हणाली. त्यापुढे लेकीची मात्रा चालेना. लेकीकडे राहायला आलेली असतानाच आई कोसळली. भाऊ दूरदेशाहून यायचा होता, म्हणून देह अजून हॉस्पिटलातच होता. वसाहतीत कुणालाच कळवलं नव्हतं.

काल आईचं घर आवरताना लेकीला एक गोष्ट खटकली. आईचा अर्धा दिवस गॅलरीत जायचा. तिथे ती गाणी म्हणायची, नसलेल्या नवऱ्याशी भांडायची. बाबा त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नव्हते. आणि वसाहतीतल्या एकाही गॅलरीत सेन्सर नव्हता.

ती उभी राहिली. "बाबा, आई आज आली नाही. कशी आहे ती?"

वसाहतीच्या व्यवस्थापकाने पाण्याचा पेला पुढे करता करता बाबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं.

"मुली, किती दिवसांनी काल तुझी माउली शांत झोपली!" बाबांचा आवाज मधात घोळला. "पहाटे उठली, नळाचं पाणी प्यायली, पुन्हा पडली. डबीला हात लावला नाही. बघा मंडळी, विष सुटलं आणि झोप आली!"

पुन्हा टाळ्या.

"आई परवा गेली," ती म्हणाली. "त्या गादीवर काल मी झोपले होते."

टाळ्या थांबायला जरा वेळ लागला.

बाबांनी डोळे उघडले. "आत्मा... देह सोडला तरी शय्येपाशी घुटमळतो..."

"गादीखालचा सेन्सर वजनावर चालतो, बाबा. आत्म्याला वजन असतं? आणि तहान?"

तिने व्यवस्थापकाच्या हातातला सेन्सरच्या नोंदींचा टॅब ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. गादी, नळ, पुन्हा गादी, डबी बंद. शब्द बाबांचेच, फक्त मध न लावलेले.

"मॅडम, मी आपलं सहज बाबांना सांगायचो..." व्यवस्थापक म्हणाला.

"कुणी पडलं तर धावत जायला दिलं होतं हे तुम्हाला!" तिचा आवाज फाटला.

"पण मुलांच्या काळजीनं मी रडते, हे त्यांनी ओळखलं की," एक काकू पुटपुटल्या.

"काकू, मुलांच्या काळजीनं रडत नाही असं इथे कोण आहे? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

मघाचे आजोबा चाचरत उठले. "म्हणजे माझ्या शुगरच्या गोळ्या... मीही सोडल्यात गं."

"मी बोलावलेले डॉक्टर बाहेर थांबलेत. आत्ता जा त्यांच्याकडे." मग ती सगळ्यांकडे वळली. "चूक माझीही आहे. ही यंत्रं काय बघतात, ते कुणाला कळतं, हे मी आईला कधी बसून सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काय करायचंय, म्हटलं. आता घरोघरी येऊन दाखवते. नको असेल ते काढून टाका. पण तुमच्या घरात काय घडतं ते कुणी तुम्हालाच सांगायला लागलं, तर पाया पडायच्या आधी विचारा, तुला कसं कळलं?"

"असं विचारायचं तोंडावर? पाप लागेल," आजोबा कुजबुजले.

"विचारून आजवर कुणी मेलं नाही, आजोबा. न विचारता माझी आई गेली."