पुसलेला आरसा

ऑफिसात त्याला सगळे 'आरसेवाला' म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त होती. भुताटकीच्या बंगल्याचा व्हिडिओ गेम, त्या बंगल्यातल्या बाथरूमच्या भिंतीवरचा एक आरसा, एवढंच याचं वर्षभराचं काम. ऐकणाऱ्याला वाटे, ही नोकरी आहे की चैन! पण कॉम्प्युटरला आरसा म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. त्याला तीच खोली उलट्या बाजूने पुन्हा रंगवावी लागते, तीही क्षणोक्षणी, आणि मग दमछाक होऊन गेम अडखळतो.

शेवटी साहेबांनी तोडगा काढला. "धूळ टाका. मळक्या आरशात काही दिसलं नाही, तर कोण विचारतंय?" शेजारच्या टेबलावरच्या चित्रकार मुलीने जेवणाच्या सुट्टीआधी धूळ करूनही दिली. याच्या वर्षभराच्या मेहनतीवर माती पडली.

खरं दुखणं वेगळंच होतं. घरच्यांना ऑफिस दाखवायचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता, आणि "आमचा मुलगा आरसा करतोय" असं आईने मावशीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आई आली, खुर्चीत टेकली, चष्मा लावून पडद्याकडे बघू लागली.

"कुठंय तुझा आरसा?"

"तो काय, भिंतीवर."

"हा?" आईचा आवाज चांगला खणखणीत होता. "अरे, वर्षभरात एकदा पुसायला काय झालं होतं?"

साहेबांसकट सगळे खो खो हसले. त्याचे कान तापले. निदान आईपुढे तरी लाज राहावी म्हणून त्याने दोन बटणं दाबून धूळ काढून टाकली. गेम अडखळला, रखडला, आणि आरसा लख्ख झाला. नळ दिसला, मागची खिडकी दिसली, तिच्या काचेवरचा ओघळसुद्धा. आई पुढे सरकली. मग आरशात एक माणूस आला. कोट, टाय, कॉलर, आणि कॉलरच्या वर काहीच नाही.

"अगंबाई! हेच का ते भूत?"

"नाही," तो पुटपुटला. "हा नायक."

खेळणारा नायकाच्याच डोळ्यांनी बघतो, डोकं असलं तर ते मध्ये येतं, म्हणून नायकाला डोकं कुणी बनवलंच नव्हतं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आरसेवाल्यालाही. पण कॉम्प्युटरवरचा भार कमी व्हावा म्हणून वर्षभर तो नायकाला बाजूला ठेवून नुसता नळच न्याहाळत बसला होता. आज मात्र पाहुण्यांसाठी नायकासकट अख्खा गेम लावलेला होता.

आता कुणी हसलं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने पडद्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "घाल बाबा ती धूळ परत."

त्याने घातली.

संध्याकाळी घरी पोचतात तोच मावशीचा फोन आला. बूट काढता काढता तो दारातच थांबला.

"हो तर, बघितला ना!" आई सांगत होती. "आरशाचं एक असू दे गं. पण त्यावरची धूळ! हात लावला तर बोटाला लागेल, अशी. सगळी आमच्याच मुलाने केलीय."