तिच्या दातांची पट्टी

बायको गेली त्याला तीन महिने झाले. मालकानं दोन दिवसांची सुट्टी दिली, तीही उपकार केल्यासारखं तोंड करून. तिसऱ्या दिवशी तो रोपवाटिकेत कलमं बांधायला बसला. जंगली गुलाबाचा खुंट चिरायचा, त्यात चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेली कळी, बसवायचा, वर प्लास्टिकची पट्टी आवळायची. महिन्याभरात डोळा धरला की पट्टी कापायची. हात चालायचे, बाकी आत सगळं बंद. लोक म्हणाले, रड, मोकळा हो. लोकांच्या बापाचं काय जातंय बोलायला!

बायकोही कलमंच बांधायची. तिचं शेवटचं कलम त्यानं घरी आणून खिडकीत ठेवलं होतं. पिवळा गुलाब. वीतभर वाढला आणि मग सगळी पानं गाळून बसला.

सकाळी पोरगी ओरडली, "बाबा, आईचं झाड फुटलं!"

तो सावकाश आला. कोवळा, तांबूस फुटवा. पट्टीच्या खाली.

"हा आईचा नाही. खुंटाचा आहे, जंगली."

"असं कसं? झाड एकच ना?"

"मूळ पाणी वर चढवतं. पानं अन्न तयार करतात, ते सालीतून खाली मुळाला पोचतं. खोड जाड होत गेलं, पट्टी तेवढीच राहिली. सालीत रुतली, दोन्ही वाटा बंद झाल्या. वरचं गुदमरलं."

"मग कापली का नाहीत? जगाच्या पट्ट्या कापत हिंडता!"

त्यानं पट्टीचं टोक तिच्यासमोर धरलं. प्लास्टिकवर बारीक खड्डे होते. बायको टोक दातात धरून पट्टी आवळायची.

"तिचे दात आहेत," तो म्हणाला.

पोरगी वाकून बघत राहिली. "बाबा, तुम्ही पण ना..."

त्यानं पट्टीच्या वरची साल नखानं खरवडली. तपकिरी, कोरडी. खालची खरवडली. हिरवीगार. मग खिशातला चाकू काढून पट्टी कापली. वरची काडी आपणहून हातात आली.

"खुंट जिवंत आहे. दुसरा डोळा बसतो यावर."

"कुणाचा?" पोरीनं विचारलं.

त्यानं कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. पट्टी पोरीच्या हातावर ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि कामावर गेला.

त्या दिवशी त्यानं तीनशे पट्ट्या कापल्या. एकही राहिली नाही.