गाठोड्यातून परत आलेली शाल

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची शाल आहे. जुनी म्हणजे जन्मापासूनच जुनी! तुम्ही जन्मलात तेव्हा नवे कोरे होतात, माझं तसं नाही. माझा बराचसा भाग आधी कुणा शाळकरी मुलाचा लाल स्वेटर होता. मुलगा वाढला, स्वेटर आखूड झाला आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात येऊन पडला. तिथून त्याला आईने उचललं.

आई म्हणजे मला विणणारी. तिची खरी लेक वेगळी, लग्न होऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी. पण जिने टाक्याला टाका जोडून मला घडवलं, तिला मी दुसरं काय म्हणणार?

आई दुकानात प्रत्येक स्वेटर उलटा करून आतली शिवण बघायची. कापड कातरून शिवलेलं दिसलं की परत ठेवून द्यायची, कारण तसला स्वेटर उसवला की हाती नुसते वीतभर तुकडे येतात. दुकानवाले काका हसायचे.

"ताई, लोक कपडे घालायला नेतात, तुम्ही मोडायला नेता!"

"मोडल्याशिवाय नवं होत नाही, काका," आई म्हणायची आणि खालचा ढीग उपसायला लागायची.

उसवलेली लोकर हट्टी असते. जुन्या टाक्यांची वळणं सोडतच नाही. आईने तिच्या लडी केल्या, भिजवल्या, खाली वजन बांधून दोरीवर टांगल्या, तेव्हा कुठे ती सरळ झाली. पण लाल लोकर पुरेना. मग आईने मेंढपाळाकडची तपकिरी लोकर आणून पिंजली आणि टकळीवर कातली. टकळीचं सूत कुठे जाड, कुठे बारीक. त्यामुळे तिथे मी जराशी खरखरीत आहे, खोटं कशाला बोलू? घरात आधीच्या विणकामातली थोडी पांढरी लोकर उरली होती, ती तिने कांद्याच्या सालींत रंगवली. भाजीवाली तिच्यासाठी साली पिशवीत साठवून ठेवायची. तुरटी घातलेल्या पाण्यात त्या उकळायला लागल्या तशी शेजारीण दारात आली.

"आज कांद्याचा काय बेत आहे हो?"

"शालीचा बेत आहे. लेकीला थंडी सोसत नाही."

असा माझा पिवळा रंग जन्माला आला.

घरात आई एकटीच असायची. विणता विणता माझ्याशीच बोलायची. पाठ दुखते, नळ गळतो, लेक या रविवारी येणार होती पण जमलं नाही. मी ऐकत वाढत होते. रंग बदलला की लोकरीची टोकं सुटी राहतात. ती आईने मागच्या टाक्यांत इतकी बेमालूम जिरवली की मलाही ती कुठे आहेत ते सांगता येणार नाही. या कामाचा तिला भारी अभिमान होता.

लेकीने मला पांघरलं तेव्हा मी हरखून गेले. तिची मैत्रीण म्हणाली, "आईने विणली? नशीबवान आहेस गं!" मूठभर मांस चढलं म्हणतात ना, तसं झालं माझं. पण माझं तपकिरी सूत तिच्या मानेला टोचायला लागलं. आधी मी खुर्चीच्या पाठीवर गेले, मग पलंगाखालच्या पेटीत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

पेटीतले दिवस फार वाईट गेले. अंधार आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. बोलायला कुणी नाही. आईच्या घरी निदान नळ गळल्याचं तरी कळायचं. अधूनमधून वरून लेकीचा फोनवरचा आवाज यायचा. "हो गं आई, रोज वापरते." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता ती मला बाहेर काढणार. मी वाट बघत राहिले. नंतर नंतर ते वाक्य कानावर आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग त्यांनी घर बदललं. नवं घर लहान होतं. जावईबापू पेटी उपसत म्हणाले, "ही ठेवायची की द्यायची?"

लेकीने मला हातात घेतलं, गालाला लावलं. "आईने विणलीय रे."

"मग ठेव."

"ठेवून तरी काय? पुन्हा पेटीतच जाणार." तेवढ्यात सामानाची गाडी आली म्हणून खालून हाक आली आणि तिने मला पिशवीत टाकलं. मित्रांनो, ती वाईट नव्हती हो. दमलेली होती. पण पिशवीचं तोंड बांधलं गेलं ते गेलंच.

ती पिशवी फिरत फिरत काकांच्या दुकानात पोचली. काका लोकरीच्या कपड्यांची गाठोडी बांधून ठेवत. मी एका गाठोड्यात अगदी मधोमध अडकले होते. एका सकाळी ओळखीचा आवाज आला.

"काका, लोकरीचं काही आलंय का?"

"तुमच्यासाठीच बांधून ठेवलंय, ताई."

माझ्या जिवात जीव आला! आईने गाठोडं न सोडताच पिशवीत घातलं. काकांवर तिचा विश्वास होता. वाटभर मी आनंदात होते. तिला काय वाटेल याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

घरी तिने खिडकीपाशी गाठ सोडली. एक टोपी निघाली, एक बिनबाह्यांचा स्वेटर निघाला आणि मग मी. तिचा हात थांबला.

"अगं, तू इथे?" ती हळूच म्हणाली.

मग तिने चष्मा लावला. "नको तर नको. दुसरं काहीतरी होईल तुझं." ती मला उसवायला बसली. उसवायला आधी टोक सापडावं लागतं. तिने मला उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं, नखाने टाके चाचपले. एकही टोक सापडेना. कात्री शेजारीच होती, पण तिने ती घेतली नाही.

"शहाणी! कुणासाठी एवढं लपवून ठेवलंस?" ती स्वतःलाच म्हणाली आणि हसली. हसता हसता तिने चष्मा काढून डोळे पुसले.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, नव्या घरात फार गार वारं येतं गं," लेक म्हणत होती. "तुझी शालच घेऊन बसलेय बघ."

आईने खाली माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मांडीवर होते.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय. ऊब आहे ना तिला?"

"खूप!"

"मग झालं तर. नीट लपेटून घे," आई म्हणाली आणि एका हाताने मला स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं.

तेव्हापासून मी आईकडे आहे. ती मला रोज पांघरते, माझ्याशी बोलते. मी सुखात आहे असं तुम्ही म्हणाल. पण लेक भेटायला यायची असली की आई मला घाईघाईने कपाटात ठेवते आणि कडी लावते, लेकीला ओशाळं वाटू नये म्हणून. बाहेर दोघी चहा पितात, गप्पा मारतात. लेक सांगते, शाल छान आहे. आई म्हणते, बरं वाटलं. एकमेकींच्या इतक्या जवळ बसून त्या दोघी किती एकट्या आहेत, हे फक्त मला माहीत आहे आणि मला तोंड नाही.

म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. कुणी तुमच्यासाठी हाताने काही केलं असेल तर जपून वापरा. टोचत असेल, आवडत नसेल, तर तसं करणाऱ्याला सांगा. ते माणूस रागावेल, दोन दिवस अबोला धरेल. पण तुम्ही घरी याल तेव्हा त्याला कपाटाला कडी लावावी लागणार नाही.