पागोट्यातली पत्ती

छगनने एकतीस वर्षं एकच सूर धरला होता. थोरला भाऊ पुना सनईवर चाल वाजवायचा आणि छगन त्याच्या उजव्या हाताला उभा राहून, गाल फुगवून, दुसऱ्या नळीतून तोच एक सूर काढत राहायचा. लोक पुना आबाला फेटा बांधायचे. सूर धरणाऱ्याला कोण विचारतो हो? खुंट्याला कधी कुणी हार घातलाय?

पण आता पुना सत्तरीला टेकला होता. दात गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि गेल्या श्रावणात तर कहरच झाला. भडगावकडच्या त्यांच्या गावाची रीतच अशी, की श्रावणात घरोघर बसणाऱ्या कानबाई देवीला बोळवायला निघालं म्हणजे वेशीपासून ती गिरणा नदीच्या पाण्यात जाईपर्यंत सनई थांबता कामा नये. पुनाचा दम वाटेवरच्या चिंचेखाली तुटला. क्षणभरच, पण सगळ्या बायांच्या छातीत धस्स झालं. यंदा पितांबर पाटलाने छगनला बजावलं, "आबाला बसवा. पुन्हा चाल तुटली तर सोनगीरचे वाजंत्री आणीन."

छगनने तीनदा विनवलं. पुना ऐकेल तर शपथ! "मरसू तवयच बठसू," एवढंच त्याचं उत्तर.

मग छगनने ते केलं. खोटं कशाला बोलू, भावाची अब्रू राखायची म्हणून केलं आणि स्वतःला एकदा तरी चाल वाजवायची होती म्हणूनही केलं. बोळवणीच्या सोमवारी सकाळी पुना अंघोळीला गेला, तेव्हा त्याने भावाच्या सनईच्या तोंडाची, फुंकायची पत्ती काढली आणि पागोट्यात खोचली. स्वतःची सनई कमरेला लावली. पत्तीशिवाय सनई म्हणजे नुसतं लाकूड. वेशीबाहेर पाऊल पडायच्या आधीच पुना हात टेकणार आणि आपण पुढे होणार, असा त्याचा हिशेब.

वेशीशी पुनाने सनई ओठांना लावली. छगनने सूर धरला आणि कान टवकारले.

आणि चाल सुरू झाली.

अशी चाल, की बाया रडायला लागल्या. छगनने तिरक्या नजरेने भावाकडे पाहिलं. भावाची बोटं भोकांवर नाचत होती, पण गाल? गाल खपाटीला गेलेले, जरासुद्धा फुगत नव्हते. चिंच आली, गेली. छगनला थांबायची छाती होईना. पागोट्याखाली कपाळाशी काहीतरी थरथरत होतं.

कानबाई पाण्यात गेली तेव्हा कुठे चाल थांबली. बाया माघारी वळल्या. पुना चाचपडत आला आणि त्याने छगनला घट्ट मिठी मारली. म्हातारा ढसाढसा रडत होता.

"काय वाजाडं रे छगन आज! मनी सनईमा तं पत्तीच नव्हती. लाज वाटनी म्हनीसन नुसती बोटं हालाडी मी. आते मी सुखे बठसू. घरलोंग तू वाजाड, मी सूर धरस."

पुनाने छगनच्या हातातली नळी घेतली, सूर धरला आणि आशेने वाट बघत राहिला. नाही कसं म्हणणार? छगनने कमरेची सनई काढून फुंकली. तिच्यातून एकतीस वर्षांचा तोच एक सरळ सूर निघाला. बोटं हलवली तरी तोच.

पुनाने नळी खाली घेतली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मंग वाजाडी कोनी, छगन?"

छगनने पागोटं सोडलं. श्रावणातलं ऊन टळटळीत होतं, कापड कोरडं होतं. पत्ती मात्र थुंकीने ओली होती, आत्ताच कुणाच्या तरी ओठांतून निघाल्यासारखी.

पुढल्या श्रावणात छगनने स्वतःच्या हाताने ती भावाच्या सनईत बसवली. आबाला बसवा, असं पुन्हा त्याने कुणाला म्हणू दिलं नाही. वेशीशी तो भावाच्या उजव्या हाताला उभा राहिला आणि त्याने सूर धरला. चाल सुरू झाली. भाऊच वाजवतोय का, हे मात्र त्याने मान वळवून पाहिलं नाही.