माझ्या पोटातला टांगा

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. हे नाव माझ्या खोक्यावर छापलं होतं तेवढंच. भोर आणि वेल्ह्याच्या गावांत मला त्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. "व्हिडिओ आला, व्हिडिओ आला!" असं ओरडत पोरं टेम्पोमागे धावायची, तो व्हिडिओ म्हणजे मी. तुम्ही सीडीच्या काळातली मुलं, तुम्हाला कॅसेट ठाऊक नसेल म्हणून सांगतो. एक काळी, विटेएवढी डबी असायची, तिच्या आत लांबच लांब फीत गुंडाळलेली. ती माझ्या पोटात सरकवली की मी तिच्यातला पिक्चर टीव्हीवर दाखवायचो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला पुण्याहून घरी आणलं ते कापूरहोळच्या कुंडलिकनं. फाट्यावर, जिथून भोरचा रस्ता फुटतो, तिथं त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला टीव्हीला जोडलं, एक कोरी कॅसेट आत घातली आणि लाल बटण दाबलं. टीव्हीवर त्या वेळी गावात जाऊन शूटिंग केलेलं कुठलंसं मराठी नाटक चालू होतं, ते मी इमानेइतबारे उतरवून घेतलं. कुंडलिकनं थोडंसं मागे नेऊन पाहिलं, "चालतंय!" म्हणाला आणि कॅसेट बाजूला ठेवली. तिच्यावर नाव घालायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले, आणि खोटं कशाला बोलू, काय दिवस होते ते! बारसं असो, सत्यनारायण असो, जत्रा असो, मला भाड्यानं न्यायचे. गावात शिरलो की आधी माझ्यावर हळदीकुंकू पडायचं. पण एक रीत होती. घरचा यजमान आणि गावातली मोठी माणसं येऊन बसल्याशिवाय पिक्चर लावायचा नाही. लावला तर तो त्यांचा अपमान. आता माणसं येणार धारा काढून, जेवणं उरकून, निवांत. तोवर जमलेल्या पोराटोरांनी कलकलाट करू नये म्हणून कुंडलिक ती बिननावाची कॅसेट लावून द्यायचा. तिला तो 'लोक जमेपर्यंतची कॅसेट' म्हणायचा. ती चालू असताना बायका जागा धरायच्या, चहा फिरायचा, आणि कुंडलिक स्वतः वायरी ओढत नाहीतर जनरेटरवाल्याशी भांडत असायचा. ते नाटक त्यानं एकदाही पाहिलं नाही. मी मात्र शेकडो वेळा पाहिलं. शहरातली एक मास्तरीण खेड्यात येते आणि बंद पडलेली शाळा उघडते, असं काहीतरी होतं. सुरुवातीलाच ती टांग्यातून गावात येते.

यजमान बसले की कुंडलिक ओरडायचा, "चहा बंद! पिक्चर लागतोय!" एकदा एका मामंजींनी माझ्या झाकणावर कप सांडला होता, तेव्हापासून हा त्याचा कायदाच झाला. पिक्चर सुरू झाल्यावर साक्षात आमदार आले तरी त्यांना चहा मिळायचा नाही.

पुढे घरोघर केबल आली, सीडी आली आणि माझी बोलावणी घटली. वेल्ह्याकडच्या एका बारशात लोक जमेपर्यंतची कॅसेट माझ्या पोटात अडकली ती अडकलीच. कुंडलिकनं दोनचार थपडा मारल्या आणि कॅसेटसकट मला दुकानाच्या वरच्या फळीवर ढकलून दिलं. तिथं मी कित्येक पावसाळे काढले. कोळ्यांनी जाळी विणली, पालीनं माझ्या आडोशाला संसार मांडला. ज्याच्यावर हळदीकुंकू पडायचं, त्याच्यावर आता पालीची शेपटी फिरत होती. मला त्याचा फार राग यायचा, पण राग येऊन करणार काय?

अशातच एका उन्हाळ्यात कुंडलिकनं फळी रिकामी करायला घेतली. सावळाराम भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता. मला खाली उतरवून दाराशी, मोडक्या पंख्यांच्या ढिगावर ठेवलं. तेवढ्यात भोरकडून आलेल्या एसटीतून दोघी उतरल्या. एक चाळिशीची, डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला. दुसरी कॉलेजातली वाटावी अशी मुलगी.

"कुंडलिकभाऊ तुमीच का?" मोठीनं विचारलं. "उत्रोलीला गेनबांच्या नातवाच्या बारशाला तुमीच व्हिडिओ लावला व्हता ना?"

"लावला आसंल, भाभी. लई बारशी झाली. का वो?"

ती खातून. भोरला शिवणकाम करून पोट भरणारी. ती मुलगी तिची लेक हुमा. खातून सांगू लागली आणि मी ढिगावरून ऐकू लागलो.

"माझे मालक भोरात टांगा हाकायचे. मतीन नाव त्यांचं. आंबवड्याला कसलंसं शूटिंग आलं, तवा त्यांना टांग्यासकट नेलं. दोन शब्द बोलायला बी लावलं. पन ते बघायच्या आदीच काविळीनं गेले. ही तवा रांगत व्हती. मंग उत्रोलीला शिवलेले कपडे द्यायला गेले, बारशाला थांबवून घेतलं, आन् पडद्यावर टांगा आला. हाकनारे हिचे अब्बा! माझ्या डोळ्यांम्होरं अंधारी आली. बायांनी उचलून घरात नेलं. म्होरलं काईच बघितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी पिक्चरचं नाव तेवढं इचारून घेतलं."

"मग मिळंल की तो पिक्चर."

"मिळाला," हुमा मध्येच म्हणाली. "सीडी आणली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. त्यात टांगाच नाही. मग म्हटलं नाव चुकलं असेल, दुसरे आणले, तिसरे आणले. पुण्यापर्यंत विचारून झालं." ती आईकडे वळली. "अम्मी, आता पुरे. शुक्रवारी माझा निकाह आहे, मग महाडला सासरी जायचंय, घरात कामं पडलीत. लहानपणी मी अब्बांसाठी रडायचे, तेव्हा तू मला समजवायला ही टांग्याची गोष्ट सांगायचीस. मी काही रागावत नाही. पण आता खरं सांग."

खातूनचा चेहरा एकदम उतरला. "म्या खोटं बोलते व्हय गं?" एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, तो टांगा माझ्या पोटात होता! अडकलेल्या कॅसेटमध्ये, हातभर अंतरावर! मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. लेक निकाह होऊन महाडला जाणार, आणि आईनं आपल्याला खोटी गोष्ट सांगितली हे मनात घेऊन जाणार. आणि खरं काय ते ठाऊक असलेला एकटा मी, भंगाराच्या ढिगावर मुका बसलेला.

तेवढ्यात सावळारामचा टेम्पो येऊन थांबला. त्यानं मला काट्याला लटकवलं, आकडा बघितला आणि पत्र्यांवर फेकून दिलं. दारात उभ्या टेम्पोतून मला आतलं बोलणं अजून ऐकू येत होतं. कुंडलिक बिचारा त्या वर्षीचे पिक्चर आठवत होता आणि हुमा प्रत्येकाला "बघितला, नाही त्यात" म्हणत होती.

"बरं भाभी," शेवटी तो म्हणाला, "टांगा आला तवा पिक्चर किती झाला व्हता?"

"किती कुठला? बाया बसतच व्हत्या. माझ्या हातातला चहाचा कप सांडला की साडीवर."

"चहा?" कुंडलिक थबकला. "पिक्चर लागल्यावर चहा? माझ्या व्हिडिओम्होरं?"

"पायाला चटका बसला, भाऊ. इसरंन कशी?"

"आवो, मंग पिक्चर लागलाच नव्हता! पिक्चर लागला की म्या चहा बंद करायचो. चहा चालू व्हता म्हंजी लोक जमेपर्यंतची कॅसेट लागलेली!" आणि त्यानं कपाळावर हात मारला. "तुमी इतकी वर्सं भलताच पिक्चर हुडकताय."

"कुठाय ती कॅसेट?" हुमानं विचारलं.

कुंडलिकनं फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. आणि नेमकं तेव्हाच सावळारामनं टेम्पो सुरू केला.

त्यानंतर मला पत्र्यांच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू येईना. टेम्पो हायवेच्या तोंडाशी आला. एकदा का तो पुण्याच्या दिशेला लागला की मला फोडून तांबं वेगळं, लोखंड वेगळं, आणि फितीचा जाळ! मागे कुंडलिक हात हलवत धावताना दिसला, पण त्याला सुटलेल्या पोटानं धावणं काही जमत नव्हतं. एक ट्रक आडवा गेला म्हणून टेम्पो क्षणभर थांबला, आणि सावळाराम पुन्हा पाय दाबणार तोच हुमा समोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून, धापा टाकत.

"मरायचंय का गं पोरी?" सावळाराम खेकसला.

"काका, तो व्हिडिओ द्या. माझे अब्बा आहेत त्यात."

सावळारामला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं गाडी बंद केली. मला उचलून तो स्वतः दुकानापर्यंत घेऊन आला आणि पुढं काय होतंय ते बघायला तिथंच थांबला.

कुंडलिकनं माझं झाकण उघडलं. फीत आत फिरत्या नळकांड्याला विळखा घालून बसली होती. "जोर केला तर तुटंल," तो पुटपुटला. बोटाच्या टोकानं तो एक चाक दातादातानं फिरवू लागला. मी जमेल तेवढा सैल पडलो. खातून डोळे मिटून मनातल्या मनात काही म्हणत होती. मघाशी "पुरे" म्हणणारी हुमा आता पापणी लवू देत नव्हती. अखेर कॅसेट सुटली. फितीवर ठिकठिकाणी पांढरी बुरशी होती आणि एका जागी ती पार चुरगळली होती. तेवढ्यातच टांगा असला तर? सगळ्यांच्या मनात तेच होतं.

कापसानं पुसून कॅसेट परत आत घातली आणि बटण दाबलं. पडद्यावर रेघा आल्या, मग रस्ता आला आणि त्यावरून टांगा आला. हाकणारा एक तरणा माणूस, गळ्यात रुमाल. तो मास्तरणीकडे वळला आणि बोलला. पण आवाज कसा? जड, घोगरा, भुतानं बोलावं तसा!

"हे अब्बा?" हुमा आईकडे बघत राहिली.

खातून गोंधळली. "त्येच हायेत गं... पन हा आवाज त्यांचा न्हाई."

हुमानं मान खाली घातली. मित्रांनो, लोकांनी मला भंगारात टाकलं तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. खातून खरं बोलत होती आणि खोटं मी बोलत होतो.

कुंडलिकनं झटकन मला थांबवलं. "आवाज त्यांचाच हाय, भाभी. ह्याचा रबरी पट्टा सैल पडलाय, फीत हळू पळती." नवा पट्टा आता कुठं मिळत नव्हता. तेव्हा त्यानं जुना इलाज काढला. पट्टा उकळत्या पाण्यात टाकला की तो आक्रसतो आणि थोडा वेळ ताण धरतो. "पन थोडाच वेळ हां. एक डाव चालंल, दुसऱ्याची ग्यारंटी न्हाई. फीत बी लई नाजूक झालीया." म्हणून त्यानं भोरच्या प्रद्युम्नला फोन केला. तो लग्नांच्या सीड्या करून द्यायचा. त्यानं आपलं सीडी भरायचं यंत्र आणावं, आणि मी फीत चालवीन तेव्हाच त्यानं ती उतरवून घ्यावी, असं ठरलं.

प्रद्युम्न आला, वायरी जोडल्या. सावळारामनं शेजारच्या हॉटेलातून चहाच्या पातेल्यात उकळतं पाणी आणलं. पट्टा उकळला, पुसला, चढवला, फीत हातानं फिरवून सुरुवातीला नेली. मी चालू झालो. तो पट्टा माझ्या चाकावर घट्ट बसलेला मला जाणवत होता आणि पुन्हा हळूहळू ढिला होतानाही जाणवत होता. मी सगळा जीव त्या एका चाकात गोळा केला. चुरगळलेला तुकडा आला, मी तो हलकेच पुढं सरकवला. त्यात नुसतं आभाळ होतं. मग रस्ता आला. मग टांगा.

"बसा बाई, बिनघोर बसा. घोडी लई गरीब हाय."

आवाज स्वच्छ होता. थोडा हसरा, शब्दाच्या शेवटी जरा लांबवणारा. खातूननं मागं घसरलेला पदर भराभरा डोक्यावर ओढून घेतला, नवरा दारात आल्यावर नवी सून घेते तसा. चाळिशीच्या त्या बाईचे कान लाल झाले होते.

हुमा पडद्याकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती. "अम्मी, मी तुला खोटं म्हटलं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. खातूननं तिची हनुवटी धरून तोंड टीव्हीकडे वळवलं. "रडायचं मंग. आदी त्यांच्याकडं बघ, जातील ते." आणि टांगा वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दोघी बघत राहिल्या.

नाटक संपता संपता माझा पट्टा निसटला, पण तोवर प्रद्युम्नची सीडी भरून झाली होती. तिच्या दोन प्रती निघाल्या. एक भोरला राहिली आणि एक शुक्रवारी महाडला गेली.

म्हणून मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. माझ्यासारखी जुनी यंत्रं जरूर काढून टाका, आम्ही अडगळ झालोय हे आम्हालाही कळतं. पण काट्याला लटकवण्याआधी आमचं झाकण एकदा उघडून बघा. आणि तुमच्या घरातल्या कुणाला एखादं जुनं चित्र अर्धवट आठवत असेल, नाव चुकत असेल, तर त्यांना खोटं पाडायची घाई करू नका. त्यांच्याजवळ बसा आणि तेव्हा त्यांच्या हातात काय होतं, तेही विचारा.