कोरियाच्या शेवया

आमच्या सुनंला, प्रतीक्षाला, रांधता येत न्हाई असं मी म्हणत न्हाई. रांधती, पण मिळमिळीत रांधती. आठ महिने झाले लोणावळ्याहून हितं तिकोणा पेठेत नांदायला येऊन, अजून कालवणात तिखट टाकताना हिचा हात आखडतो. मी रोज बोलायची. बोलणार न्हाई तर काय, सासू हाय मी.

रविवारी पवनेच्या काठावर आमचा ल्योक समर्थ भाड्यानं देतो त्या तंबूत पुण्याची पोरं राहून गेली आन् जाताना कोरियाच्या नूडल्सचे चार पुडे तितंच टाकून गेली. समर्थनं ते घरी आणले. आईला झेपायचं न्हाई, लय तिखट असतंय, असं बायकोला म्हणाला. माझ्यादेखत! माझं डोकंच फिरलं. लग्नकार्यात रस्सा करायचा म्हणलं की सारी पेठ मला बोलावती, आन् मला असल्या शेवया झेपायच्या न्हाईत? मी तितंच सांगून टाकलं, "खाताना घोटभर जरी पाणी प्याले, तर उद्यापासनं प्रतीक्षाच्या जेवणाला नाव ठेवणार न्हाई."

प्रतीक्षानं पुडा उचलला. पुड्यावरचं तेवढं वाचून दाखवलं. तिघांना दोन पुडे पुरे, शिजल्यावर पाणी ओतून द्यायचं, मंग दर पुड्याला आतली एक लाल मसाल्याची पुडी पिळायची. ओतून द्यायचं? आमी भाताची पेज कधी मोरीत ओतली न्हाई, आन् हे ओतू? मी पातेल्याला हात लावू दिला न्हाई. झालं, सगळं पांचट. शेवया पाण्यात पवायला लागल्या. शेवया दोनच पुड्यांच्या, पण रंग येईना म्हणून चारी लाल पुड्या पिळल्या. तरी जीव राहीना, म्हणून वर माझा कांदा-लसूण मसाला, चांगला चमचाभर. समर्थ नको नको म्हणत होता. त्याला म्हणलं, गप बस.

पहिला घास गोडुस लागला. म्हणलं, हात्तिच्या, हेच का ते? दुसऱ्या घासाला जिभंनं पेट घेतला. कान तापले, नाकाला धार लागली, टाळू सोलल्यागत झाली. समर्थ तिसऱ्या घासाला ताट सारून मोरीकडं पळाला. मी पदरानं तोंड पुसत खातच राहिले. पाणी मागितलं तर हिच्यापुढं नाक कापलं जाणार, आन् उद्यापासनं घरात मिळमिळीतच शिजणार. लय राग आला. त्या पुण्याच्या पोरांचा आला, समर्थचा आला, आन् खरं सांगायचं तर माझा मलाच आला.

प्रतीक्षा समोर बसून खाली मान घालून जेवत होती. डोळ्यांतनं घळाघळा पाणी येत होतं, पण घास थांबत न्हवता. मला बघवंना.

"अगं, एवढं लागतंय तर ठेव की ताटात," मी म्हणलं.

तिनं मान वर केली न्हाई. "सवय झालीय, आई. आठ महिने मी रोज असंच जेवते."

तिच्या बोलण्यात राग असता तर मी भांडले असते. राग न्हवता. रोज जेवताना ही नाक पुसायची, आन् मी समजायची, पोरीला सर्दीच फार. वर म्हणायची, अजून तिखट टाक.

समर्थ दारात उभा राहून बघत होता. मी तांब्या ओढला, आधी तिचा पेला भरून तिच्या पुढ्यात ठेवला. मंग तांब्याच तोंडाला लावला आन् त्या दोघांच्या देखत घटाघटा रिकामा केला.