तहसीलदारीणबाईंची पसंती

आमच्या वैदर्भी वस्त्रभांडारात एकच शब्द तोंडातून काढायला बंदी होती. शिव्या चालायच्या, कारण मालक महादेवराव त्या स्वतःच देत. 'नाही' मात्र चालत नसे. गिऱ्हाइकाने मागितलेली साडी दुकानात नसली तरी 'नाही' म्हणायचं नाही. 'नाही' ऐकलं की गिऱ्हाईक उठतं आणि समोरच्या दुकानात जातं, आणि समोरचं दुकान महादेवरावांच्या साडूचं होतं. दुकानाला आग लागली असती तर महादेवरावांनी सोसलं असतं, पण साडूकडे गेलेलं गिऱ्हाईक त्यांना सोसत नसे.

मी रविकांत. माझे वडील वकील, आजोबा वकील. मी वकिलीच्या परीक्षेला पुन्हा पुन्हा बसलो आणि शेवटी साड्यांच्या गादीवर बसलो. धंदा तोच आहे हे तिथे लवकरच कळलं. फक्त इथे बोलणं संपल्यावर घड्या घालाव्या लागतात.

'नाही' न म्हणण्याच्या कलेत आमचा मोहसीन उस्ताद. बाईने हिरवी इरकल मागितली की तो आधी खूश व्हायचा, जणू त्याच्या मनातलंच बोलली. मग एक निळी सिंथेटिक काढून तिचा पदर बाईच्या खांद्यावर टाकायचा आणि हळूच सांगायचा, "हिरवी आता कोनी घेते काय, वहिनी? कालच तहसीलदारीणबाई आल्या होत्या. हीच घेऊन गेल्या." बाई आरशात बघायची आणि निळी घेऊन जायची. तहसीलदारांना बायको होती की नाही हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. पण त्या बाईंनी आमच्या दुकानातली झाडून सगळी न खपणारी साडी नेसली होती.

मोहसीनचे वडील अब्दुल सत्तार दुकानाच्या पायरीशी मशीन टाकून बसत आणि फॉल-पिको करत. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात घर. घरी उर्दू आणि दुकानात आमच्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी. मशीनच्या फळीवर त्यांचा जुना ट्रान्झिस्टर असे. त्यावर ते आकाशवाणीचे बाजारभाव ऐकत, आणि कापसाचा भाव आला की मशीन थांबवत. शिंप्याला कापसाच्या भावाशी काय करायचं, असं पुण्याचा माणूस विचारेल. अकोल्यात कोणी विचारत नाही. भाव बरा आला तर खेड्यातल्या बाया दिवाळीला उतरतात, साड्या निघतात, साड्यांना फॉल लागतो. नाही आला तर आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतो.

ती वर्षं तोंडं बघण्याचीच होती. बाहेरून आमच्याकडे दोनच गोष्टी येत, एक शेतकऱ्यांसाठीचं सरकारी पॅकेज आणि दुसरे पत्रकार. पॅकेज कुठे उतरायचं ते कळत नसे, पत्रकार हॉटेलात उतरत. दिल्लीच्या एक बाई आमच्या दुकानातही आल्या होत्या. दिवसभर खेड्यांत फिरून त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि त्यांना साधी, गावाकडची, पण फोटोत उठून दिसेल अशी साडी हवी होती. मोहसीनने त्यांना तहसीलदारीणबाईंची पसंती दाखवली. त्यांनी दोन घेतल्या.

त्या गेल्यावर मोहसीन गादीवर बसून राहिला. "रविभाऊ, सकाळपासून बोलून राहिलो," तो म्हणाला. "पण मले कोनी आइकते काय? बाया साडीकडे पाहते. मालक गल्ल्याकडे पाहते. अब्बा तं माह्याकडे पाहतच नाही."

अब्बांचं मत स्वच्छ होतं. बोलून पोट भरणारे लोक त्यांनी दोनच पाहिले होते, वकील आणि दलाल, आणि माझ्यासमोर हे सांगताना त्यांना जराही संकोच वाटत नसे. मोहसीन गिऱ्हाईक पटवायला लागला की ते मान खाली घालून मशीन जोरात चालवत. पोराला ते फार लागायचं. अब्बाने एकदा तरी कान देऊन आपलं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने दुकान सोडायचं ठरवलं, कारण अकोल्यात नवं खासगी एफएम येत होतं, 'रेडिओ झकास', आणि त्यांना बोलणारी माणसं हवी होती.

निवड अमरावतीला एका हॉटेलात होती. धीर द्यायला म्हणून मी सोबत गेलो, आणि गेलोच आहे तर नाव देऊन टाकलं. हॉटेलच्या एका हॉलात कुठलीशी समिती शेतीच्या संकटाचा अभ्यास करत होती आणि शेजारच्या हॉलात रेडिओवाले आवाज तपासत होते. चहा दोघांचा एकच होता. आम्ही आधी चुकून समितीत जाऊन बसलो, तर त्यांनी आमची नावं लिहून घेतली आणि पिकाचं विचारलं.

रेडिओच्या इशिता मॅडम पुण्याच्या, स्वभावाने गोड. त्यांनी माझं दोन ओळींचं वाचन ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, आवाज भारदस्त आहे. पण ऐकून असं वाटतं की कोणीतरी गेलं." मोहसीनला त्यांनी विचारलं, "समजा श्रोत्याने फोन करून एखादं गाणं मागितलं आणि ते आपल्याकडे नाहीये. काय कराल?"

मोहसीन त्यांच्याकडे बघून असा हसला की मी ओळखलं, नोकरी लागली. "मॅडम, ते गाणं आता कोणी ऐकतं का? आत्ताच मूर्तिजापूरहून एका वहिनींचा फोन होता," तो म्हणाला. इशिता मॅडमनी पुढचं ऐकलंच नाही.

महादेवराव आधी खूप भडकले. नमकहराम, आस्तीन का साप, जे जे सुचलं ते म्हणून झालं. मग रेडिओची जाहिरातवाली माणसं दुकानात आली, आणि पंधरवड्यात दुपारचा कार्यक्रम सुरू झाला: 'वैदर्भी वस्त्रभांडार प्रस्तुत, फर्माईश विथ मोहसीन'. आता महादेवराव गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आमचाच पोरगा हाय. माह्याच गादीवर शिकला." त्यांनी दोन मोठे स्पीकर आणून एक आत आणि एक पायरीवर लावला, बरोबर अब्दुल सत्तारांच्या डोक्यावर. आणि आपल्या पैशाची जाहिरात नीट ऐकू यावी म्हणून फर्मान काढलं, "चाचा, तुमचं ते डबडं बंद करा."

अब्दुल सत्तारांनी ट्रान्झिस्टर बंद करून मशीनखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते कानात कापसाचे बोळे घालून आले. "परवडते," ते म्हणाले. "आजकाल तेच एक स्वस्त हाय."

तिकडे मोहसीनचं नाव झालं. कॉलेजातल्या पोरी त्याची वाट बघत. पण मी ऐकत होतो आणि मला घड्या मोडल्याचा आवाज येत होता. रेडिओ झकासकडे मुंबईहून आलेली ठरावीक गाणी होती. लोक कव्वाली मागत, गवळण मागत, आजीच्या काळातलं काहीबाही मागत, आणि मोहसीन कोणालाही 'नाही' म्हणत नसे. तो आधी खूश व्हायचा, मग मूर्तिजापूरच्या वहिनींना पुढे करायचा, आणि पुन्हा तेच मुंबईचं गाणं सगळ्या जिल्ह्याच्या खांद्यावर टाकायचा. गादी तीच होती. फक्त बूट काढावे लागत नव्हते.

शिवाय तिथे न बोलायचे शब्द जास्त होते. रविवारी भेटला तेव्हा त्यानेच सांगितलं. कर्ज म्हणायचं नाही, दुष्काळ म्हणायचा नाही, आणि कापूस तर मुळीच नाही. "मॅडम म्हंते, खासगी रेडिओले बातम्या द्यायची परवानगीच नाही. अन् कापूस म्हटलं की मूड जाते." मग त्याने हळूच विचारलं, "रविभाऊ, अब्बा आइकते काय?"

स्पीकर त्यांच्या डोक्यावर आहे, असं मी सांगितलं. ते खरं होतं. बोळ्यांचं मी सांगितलं नाही.

दिवाळी जवळ आली. कापूस बाजारात उतरू लागला आणि अब्दुल सत्तारांना राहवेना. ते रस्त्यावरच्या माणसांना थांबवून भाव विचारत. प्रत्येक जण वेगळा सांगे. शेवटी एका दुपारी, दुकान बायांनी भरलेलं असताना आणि फर्माईश जोरात चाललेली असताना, त्यांनी मशीन थांबवली, कानातले बोळे काढले, चपला काढून आत आले आणि गल्ल्यावरचा फोन उचलला. नंबर त्यांना पाठ होता. दर दहा मिनिटांनी तो बोळ्यांतूनही त्यांच्या डोक्यावर आदळतच होता. महादेवरावांना वाटलं, म्हातारा विरघळला. त्यांनी कौतुकाने जागा करून दिली.

"हॅलो, रेडिओ झकास! कोण बोलतंय?" मोहसीनचा आवाज एकदम स्पीकरमधून आणि फोनमधून आला आणि मागोमाग एक शिट्टी वाजली. "आधी तुमच्या रेडिओचा आवाज जरा कमी करा हं."

"नाही करता येत. मालक करू देत नाही," अब्दुल सत्तार म्हणाले. "त्याच्यापाईच फोन केला. कापसाचा भाव सांग."

बापाचा आवाज पोराने ओळखला नसेल असं नाही. पण इतक्या वर्षांची सवय. जीभ पुढे गेली, डोकं मागून आलं. "वा चाचा, क्या बात है! पण भाव आता कोण ऐकतं? आत्ताच मूर्तिजापूरहून एका वहिनींचा फोन होता, त्यांनी असं झकास गाणं मागितलंय..."

"ते गानं त्या तहसीलदारीणबाईले दे," अब्दुल सत्तार म्हणाले.

दुकानात पदर हातात धरलेल्या बाया जागच्या जागी थांबल्या.

"मले भाव पायजे," ते पुढे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुयाजवळ असन तं सांग. नसन तं नाही म्हन. येवढा मोठा झाला, पोट भराले लागला, अन् तुले नाही म्हनता येत नाही?"

रेडिओ गप्प झाला. जाहिरात नाही, गाणं नाही, काही नाही. महादेवराव स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली शांतता ऐकत उभे होते.

"नहीं है, अब्बा," मोहसीन म्हणाला. तो आरजेचा आवाज नव्हता आणि सेल्समनचाही नव्हता. असा आवाज त्याला आहे हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. "हमारे पास नहीं है. भाव इथे मिळत नाही. समोरच्या दुकानात मिळते. आकाशवाणी लावा, आता बाजारभाव सुरूच झाले असतील. जे जे ऐकून राहिले, त्यांनी पण लावा."

मग तिकडे कोणीतरी घाईघाईने गाणं सुरू केलं.

अब्दुल सत्तारांनी फोन ठेवला, हात वर करून महादेवरावांच्या रेडिओचं बटण स्वतः बंद केलं, आणि मशीनखालून ट्रान्झिस्टर काढून आणला. कोणी अडवलं नाही. अडवणार कोण? सगळ्यांत आधी कान लावून महादेवरावच वाकले होते. त्यांची दिवाळीही त्याच भावावर होती. ज्वारी झाली, तूर झाली, मग कापूस आला. आकडा मी इथे लिहीत नाही. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातल्या वच्छलाबाई माझ्यासमोर बसल्या होत्या, त्यांनी हातातली भारी साडी गादीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मंग थे हलकी दाखवा, भाऊ." त्यावरून समजून घ्या.

अब्दुल सत्तार पायरीवर परत गेले. बोळे तिथेच पडले होते, ते त्यांनी झाडून टाकले. मी पाणी घेऊन गेलो, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज आइकला म्या पोराचा आवाज."

रेडिओ झकासने मोहसीनला त्याच संध्याकाळी काढलं. दुसऱ्याचं स्टेशन लावा म्हणून सांगणारा माणूस तिथे पहिलाच होता. दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी रात्रभर विचार करून मोठेपणा दाखवला.

"चाचा, पोराले सांगा, ये म्हना परत. गादी मोकळी हाय."

अब्दुल सत्तारांनी दातांनी दोरा तोडला. "नाही."

महादेवराव पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. त्यांच्या दुकानात त्यांनाच हा शब्द कोणी ऐकवला नव्हता. "मंग करन काय थो?"

"आकाशवाणीत अर्ज देऊन आला. हंगामी घेते म्हने लोकं. बाजारभाव वाचाले."

"पगार बरा हाय?"

"नाही."

"पक्की नोकरी?"

"नाही."

"अन् नाही घेतलं तं?"

"तं नाही," अब्दुल सत्तार म्हणाले. त्यांचा चेहरा असा होता की पोरगा कलेक्टर झाला असता तरी याहून जास्त फुलला नसता. त्यांनी मशीन सुरू केली. शेजारी ट्रान्झिस्टर चालू होता, आणि महादेवराव त्याबद्दल काही बोलले नाहीत.

तेवढ्यात एक बाई आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांना हिरवी इरकल हवी होती. ती आमच्याकडे नव्हती; समोर साडूच्या दुकानात काचेत टांगलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती. मी तोंड उघडलं. तो शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता, आणि पायरीवर मशीनही थांबली.

"हिरवी आता कोणी घेतं का, ताई?" मी म्हणालो. "कालच तहसीलदारीणबाई आल्या होत्या."

मशीन पुन्हा सुरू झाली, जोरात.